नयनाचं विरजण

२० जून १९९४
टी.वाय.ची फी कुठून आणायची, तोच घोळ. बाबा कामाला आहेत तो हाटकेशचा कारखाना अजून बंद. ईबीसीची सवलत उत्पन्नाच्या दाखल्यापायी हुकली. तलाठी रजेवर, आणि मुदत काही त्याच्यासाठी थांबत नाही. बँकवाले जामीनदार मागतात. आम्हाला जामीन कोण राहणार, खालचा इस्त्रीवाला? गावच्या मंडळाची मदत फक्त दहावीपर्यंत.
आई म्हणते, "दोन वर्षं शिकलीस, झालं की." झालं काय! बी.ए. सुटलं तर जन्मभर पॅकिंगला बसेन. मेले तरी बसणार नाही.

२७ जून
इतिहासाच्या बाईंनी जेसल पार्कचा पत्ता दिला. तिथले एक काका-काकू दरवर्षी एका टी.वाय.च्या मुलीची फी भरतात, आपल्या मुलीच्या नावाने. गेले. अट एकच, रोज संध्याकाळी त्यांच्या नयनाच्या टेबलावर बसून अभ्यास करायचा. म्हणजे स्वतंत्र खोली आणि पंखा! मी उडीच मारली.
भिंतीवर नयनाचा फोटो. हार नाही, म्हणून विचारलं, "लग्न झालं का हो तिचं?"
काकू हसल्या. "नाही गं. शेवटच्या पेपरला गेलीय."
काका खिडकीबाहेर बघत बसले.

१५ जुलै
फी भरली! बाबांनी पेढे आणले.
काकू रोज वाटीभर दही-साखर देतात. मला दह्याचा वासही नको असतो, पण उपकाराखाली दबलेल्या माणसाने नखरे करू नयेत.

९ सप्टेंबर
आज काकूंनी आपणहून सांगितलं. नयना घाईत होती, दही हातावर घेतलंच नाही. "आल्यावर खाते" म्हणून जी गेली ती गेली. पोलीस, खाडी, हॉस्पिटलं, सगळं शोधून झालं.
"वाटी ओट्यावर तशीच राहिली. टाकू कशी? त्याचंच विरजण लावलं. तेव्हापासून एक दिवस मोडू दिलं नाही. आली की दही तयार नको?"
म्हणजे मी रोज जे खातेय ते...
घरी येऊन चुळा भरल्या. भरल्या पोटी काय उपयोग, म्हणा.

३ नोव्हेंबर
दिवाळीची सुट्टी, चार दिवस गेले नाही. घरी फराळ समोर आणि मला दही पाहिजे. आईने डेअरीतलं आणलं. ते नाही. चिडून वाटी सरकवली. आई म्हणाली, "चटक लागली गो तुला परक्या घरची."

१२ जानेवारी १९९५
धाकटी म्हणते, "ताई, भांग बाजूला का पाडतेस हल्ली?" पाडत नाही. कंगवा आपोआप तिकडे जातो. नयनाच्या फोटोत भांग बाजूला आहे. योगायोग. असणारच.

२ मार्च
जिन्यात खालच्या मजल्यावरच्या बेनने थांबवलं. "तू नई स्कॉलरशिपवाली? पहलेवाली भी ऐसेच आती थी. आखरी पेपर के दिन नीचे पायरी पे बैठी मिली. बोलती थी, मेरा घर इधर है. उसका बाप आके ले गया. पेपर नहीं दिया उसने."
वर गेले तर बेल वाजवायच्या आधी दार उघडलं. काकू म्हणाल्या, "आलीस नयना?" आणि मी म्हटलं, "हो."
का म्हटलं? तोंडातून आपसूक गेलं.

१८ मार्च
काकूंनी सांगून ठेवलंय, "शेवटच्या पेपरला इथूनच निघायचं. दही खाऊन."
काका मला खाली रिक्षापर्यंत सोडायला आले. त्या घरात मला नावाने हाक मारणारे ते एकटेच. म्हणाले, "सुनंदा, आता येऊ नकोस. फी भरलेली आहे, ती काही परत घेता येत नाही. आणि त्या दिवशी तर इकडे फिरकूसुद्धा नकोस बाळा."
"काकूंना काय सांगाल?"
"सांगेन काहीतरी. दरवर्षी सांगतोच."
खूप रडू आलं. भली माणसं आहेत. म्हणूनच जास्त भीती वाटते.

९ एप्रिल
गेले नाही, दहीही नाही. पहिल्या दोन आठवड्यांत जीव कासावीस व्हायचा, आता बरंय. पेपर चांगले गेले. भांग मधोमध. उद्या शेवटचा. उद्या सुटले!

१० एप्रिल
सकाळी आईने हातावर दही ठेवलं. मी चाटलं आणि सगळ्या अंगाला ओळख पटली.
"आई, हे कुठलं?"
"काल तू लायब्ररीत असताना जेसल पार्कच्या काकू येऊन गेल्या. विरजण दिलं. म्हणाल्या, पोर येत नाही, निदान हे तरी. किती माया बाई!" आईच्या डोळ्यांत पाणी.
पाया पडले, निघाले. रिक्षावाल्याला स्टेशन सांगायचं होतं.
आता जेसल पार्कला, बिल्डिंगच्या पायरीवर बसून लिहितेय. पेपर अकराला. अजून निघाले तर पोचेन. उठायचंय. वर गॅलरीत आई उभी आहे, हातात वाटी.
आई नाही. काकू.
काका जिना उतरतायत, चप्पल न घालता. "सुनंदा, सुनंदा" म्हणून ओरडतायत. कुणाला बोलावतायत ते आधी कळलंच नाही.