खासदाराचं मराठी

बाबा, तुम्ही ज्या खासदारसाहेबांच्या बाजूला उभे राहून त्यांचं तेलुगू भाषण आपल्या लोकांना मराठीत सांगायचे, त्यांच्या पुतण्याच्या माणसाचा मला फोन आला होता. आता पुतण्या निवडणुकीला उभा राहतो आहे, आणि आपल्या सीमेकडच्या मराठी गावांत त्याला तुमच्यासारखा कुणीतरी पाहिजे. "तुमच्या बाबाचा आवाज लोकायले अजून याद आहे," म्हणाला. मी इथं गुजरातेत टाइलांच्या कारखान्यात, भट्टीच्या तोंडाशी. एका जागी मी कधी टिकत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे, पण त्या फोनला मी लगेच हो म्हटलं नाही. विचार करून सांगतो म्हटलं.

शाळा मी सातवीतच सोडली, तेव्हा हे लिहिणं वाकडंतिकडं होईल. तुम्ही तरी तेलुगू कुठं पुस्तकातून शिकले होते, जिनिंगमध्ये रुईच्या गाठी उचलता उचलता शिकले. साहेब एक वाक्य बोलून थांबत, तुम्ही रुमाल सारखा करून ते मराठीत सांगत. लोक साहेबांकडे पाहायचेच नाहीत. साहेब हसले तरी तुम्ही हसेपर्यंत कुणी हसायचं नाही.

बाजारहत्नूरची सभा मला आजही समोर दिसते. थंडीचे दिवस आहेत, दवानं कापूस ओला लागतो, आणि खरेदी केंद्रातलं यंत्र ओल जास्त दाखवतं की गाडी परत. तो नियम दिल्लीचा. साहेब म्हणतात, "सभलो अडुगुतानु." लोकसभेत विचारतो, एवढंच. तेवढं तेलुगू मलाही येतं. मागचे लोक दुपट्टे झटकून उठायला लागलेत. तुम्ही त्यांच्याकडे पाहता आणि म्हणता, "साहेब नियम बदलून आणतात." उठलेले बसतात. टाळ्या पडतात. साहेबांना वाटतं, आपल्यालाच.

पुढच्या थंडीत शेजारच्या काकांचा टेम्पो केंद्रातून परत आला. काका साहेबांच्या बंगल्यावर गेले नाहीत. त्यांनी सगळा ओला कापूस तुमच्या दारात ओतला आणि म्हणाले, "तूच वाळव आता, खासदारा."  तुम्ही घरातल्या चटया, आईचं लुगडं, सगळं अंथरून तो कापूस पसरला आणि दिवसभर हातानं उलथत बसले. आई म्हणाली, जेवून तर घ्या. तुम्ही उठले नाही. मी ओरडलो होतो तुमच्यावर, काऊन लोकांचा कापूस वाळवून राह्यले म्हणून. तेव्हा तुम्ही मान वर न करता म्हणाले, "साहेब विचारतो म्हणले होते. आणतो मी म्हणलो. मंग हा कापूस माहाच आहे."

मला ते तेव्हा पटलं नव्हतं, आजही पटत नाही. कापूस तुमचाच होता तर एक दिवस चौकात उभं राहून सांगायचं होतं की ते वाक्य माझं होतं. ते तुम्ही केलं नाही. लोक साहेबांना थापाड्या म्हणाले, पुढच्या खेपेला त्यांना पाडलं, आणि तीनदा निवडून येऊन यानं काय केलं असं आपल्याकडे अजून म्हणतात. मी इथं फोनवर शोधून पाहिलं, बाबा. त्यांची लोकसभेतली भाषणं निघतात. साहेब मोडक्या हिंदीत कापसाच्या ओलीचंच बोलत आहेत, एका अधिवेशनात, मग पुढच्यात, मग त्याच्याही पुढच्यात. बाकं रिकामी. घंटी वाजते, मंत्री म्हणतात विचार सुरू आहे, साहेब खाली बसतात. जिथली जशी हवा तशी ओलीची हद्द ठरवा, असं एक विधेयकही त्यांनी स्वतःच्या नावानं मांडलं होतं. त्याच्यावर चर्चेची पाळीच आली नाही. म्हणजे ते जेवढं बोलले होते तेवढं त्यांनी केलं. विचारतो म्हणाले, विचारलं. खोटे पडले ते तुमच्या मराठीमुळे. आणि वर काय घातलं ते तुम्ही त्यांना सांगितलं नाही, विचारत राहिलो हे त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही मेलेले आहात म्हणून मी हे गिळणार नाही.

त्या माणसाचा पुन्हा फोन आला तेव्हा मी म्हटलं, येतो. पण पुतणेसाहेब बोलतील तेवढंच सांगीन, वर एक शब्द नाही. लोक उठले तर उठू द्यायचे. तो हसला. म्हणाला, "मंग तुमाले कशाले बोलावू? तेलुगू सगळ्यायलेच थोडं थोडं समजते." मी म्हटलं, मग नका बोलावू. त्यांनी दुसरा धरला. आईला वाटत होतं त्या निमित्तानं मी घरी येईन. ती फोनवर नुसतं हूं म्हणाली. मला त्याचं वाईट वाटतं, पण माझं म्हणणं मी मागे घेत नाही. तुमच्या जागेवर उभं राहायचं तर तुमच्यासारखं बोलूनच, असं असेल तर ती जागा मला नको.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, तर एवढंही लिहून टाकतो. खोलीतले सगळे पाळीवर गेले होते. मी साहेबांचं एक भाषण लावलं, प्रत्येक वाक्यानंतर बंद केलं, आणि उभं राहून मराठीत सांगितलं. जसंच्या तसं, कमी नाही, जास्त नाही. मग घंटी वाजली. साहेबांनी हातातले कागद गोळा केले, समोरच्या रिकाम्या बाकांकडे एकदा पाहिलं आणि बसले. त्यांचं बोलणं तिथं संपलं होतं. माझं तोंड थांबलं नाही, बाबा. ते म्हणालं, "साहेब नियम बदलून आणतात."