मल्लेशच्या कॉम्प्युटरचा पंखा

११ मे २०२५, सोनपेठ

कॉम्प्युटर आज पुन्हा बंद पडला. सून वैजयंती गावातल्या दिनकररावांच्या मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ जोडायला बसली होती. थोडं काम झालं की आपोआप बंद. कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावून पाहिला – तव्यासारखा!

माझा मल्लेश मार्चमध्ये गेला. गंगाखेडहून शूटिंग करून येताना, मोटारसायकलच्या अपघातात. त्याचं अर्धं राहिलेलं काम सुनेनं हाती घेतलं आहे. दिनकरराव दारात येऊन म्हणाले, "पोरीचं डोहाळजेवण आलं की हो, अन् लग्न अजून डब्यातच हाय!" मग लगेच निघाले. चहाही घेतला नाही.

वैजयंतीचा भाऊ तिला माहेरी न्यायचं म्हणतो. ती मला एवढंच म्हणाली, "मामा, हे मशीन चाललं तर मी कुणाच्या दारात बसणार न्हाई."

१२ मे

परभणीच्या बालाजीला फोन लावला. मल्लेशचा दोस्त, दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. व्हिडिओ कॉलवर बाजूचं झाकण काढायला लावलं. आत सगळीकडे पांढरं. "काका, पिठाची गिरणी घातली का काय आत?"

पीठ नाही. विभूती!

मल्लेश घराबाहेर पडताना विभूती लावून घ्यायला आईपुढे कपाळ करायचा. आता त्याची आई नीलम्मा रोज लिंगपूजा झाली की त्याच्या कॉम्प्युटरवर तीन बोटं ओढते. वरच जाळी आहे. सगळी आत गळली.

तिला सांगणं जमेना. शेवटी सांगितलं. ती म्हणाली, "मग लावू कुठं?"



१४ मे

पंख्याची पाती धरून ब्रशनं साफ केलं. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवीन लावली, बालाजी म्हणाला तशी. तरी अठ्ठ्याण्णव अंश – अन् बंद.

वैजयंती उठून स्वयंपाकघरात गेली.

१५ मे

आज बालाजीनं चालू करतानाच डिलीटचं बटण दाबायला लावलं. पंख्याची सेटिंग उघडली. "काका, पंखा बांधून ठेवलाय हो कुणीतरी! तापलं तरी जोरात फिरायचं न्हाई, असं सांगितलंय त्याला. थंडीत चालून जातंय, मे महिन्यात कसं चालंल?"

"कुणी केलं?" मी विचारलं.

वैजयंती हळूच म्हणाली, "त्यांनीच. जानेवारीत तुमाला दवाखान्यातून आणलं, तवा खाट ह्याच खोलीत टाकली होती ना. म्हणले, आवाजानं आमचे अण्णा जागे होतेत."

मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं, गोळ्यांनी झोप लागते.

सेटिंग बदलायला तिचा हात होईना. माझाही.  बालाजी तिकडून – "हॅलो? आवाज येतोय का?" शेवटी मी बटण दाबलं.

पंखा घरघरला. पूर्वीसारखा, मल्लेश कामाला बसल्यावर यायचा तसा. नीलम्मा ओल्या हातांनी धावत आली. दारातच थांबली. परत गेली.

१६ मे

कॉम्प्युटर दिवसभर चालला. पंचाहत्तर अंशांच्या वर गेला नाही.

२३ मे

व्हिडिओ दिला. दिनकरराव म्हणाले, "सूनबाई, डोहाळजेवणाचं शूटिंगबी तुमीच जोडायचं. पण नातवाच्या बारशाआधी द्या, म्हंजे झालं!" वैजयंती हसली! किती दिवसांनी.

रात्री तिनं विचारलं, परभणीत काम लय मिळतंय, जाऊ का? मी म्हणालो, जा.

४ जून

कॉम्प्युटर मी गोधडीत गुंडाळून दिला. बालाजीच्या दुकानावरची खोली वैजयंतीनं घेतली आहे. नीलम्मा तिच्या सोबतीला गेली, तिकडेच राहीन म्हणते. दोघींना एसटीत बसवून आलो.

दुपारी नळाला पाणी आलं. सवयीनं रांजण भरला, पिंप भरलं, दोन्ही घागरी भरल्या.