फदमाची शेवटची आंघोळ

प्रिय मिमूंत,

एक गल्ली ओलांडली की तुझं दार, तरी मी कागद घेऊन बसले आहे, म्हणजे तू ओळखलंच असशील की विषय तोंडाने बोलण्यासारखा नाही. बोलायला आले असते तर तू चहा ओतायला उठली असतीस आणि मी ताटलीतले बदाम चिवडत बसले असते. आठवतं का, पन्नाशीला आल्यावर आपण दोघी संध्याकाळच्या वर्गात अक्षरं गिरवायला जायचो, तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "एकमेकींना पत्रं लिहा." तू म्हणालीस, "हिला कशाला लिहू? ही तर रोज डोकं खायला येतेच!" अख्खा वर्ग हसला होता. तर घे, आज लिहिते आहे.

फदमा आज सकाळी गेली. दवाखान्यातच, डायलिसिसच्या खुर्चीवरून उठवताना. आमच्या ह्यांची खुर्ची तिच्या शेजारची, त्यामुळे गेलं वर्षभर आमची गाठ पडायची. मी तुला ते तेव्हाच सांगितलं होतं. तू पावाचा तुकडा तेलात बुडवत राहिलीस. उद्या सकाळी तिला आंघोळ घालून कफन चढवायचं आणि दुपारच्या विमानाने तिचा भाऊ तिला पुरायला मायदेशी नादोरला नेणार. पण गावात तिच्या अंगाला हात लावायला एक बाई तयार नाही.

मी आधी मशिदीत गेले. हाजी अब्देस्लामने मला कमिटीच्या खोलीत बसवलं आणि स्वतः चहा आणला, तेव्हाच कळलं की नकार आहे. म्हणाला, "लाल्ला यामिना, समजून घ्या. दोन वर्षांनी आत्ता कुठे लोक आपल्याशी नीट बोलायला लागलेत. उद्या दारात कॅमेरे उभे राहतील. 'दहशतवाद्याच्या आईला मशिदीत मान' असं छापतील. मशीद बंद करा म्हणणाऱ्यांच्या हाती आयतं कोलीत!" मी म्हटलं, "मान कसला, हाजी? आंघोळ आहे." तो म्हणाला, "आपल्यासाठी आंघोळ. टीव्हीसाठी मान." माणूस वाईट नाही गं. हल्ल्यानंतर नगरपालिकेसमोर निषेधाचा फलक धरून अंगात ताप असताना दिवसभर उभा होता. आणि खोटं कशाला बोलू, तो म्हणतो ते अगदीच चूकही नाही.

मग रहमाकडे गेले. इतकी वर्षं गावातल्या मयत बायकांना मी धुवायचं आणि तिने पाणी ओतायचं, अशी आमची जोडी. तिने दार अर्धंच उघडलं. "माझ्या नातवाला शाळेत आधीच म्हणतात, तुमच्यातलाच होता ना तो? उद्या म्हणतील, तुझ्या आजीने त्याच्या आईला न्हाऊ घातलं. मला नाही जमायचं." इथवर मी ऐकून घेतलं. पण मी वळले तशी हळूच म्हणते कशी, "तू घातलीस तर सांग हं, चेहरा कसा होता. काळा पडला होता का?" असा संताप आला मला! धुणारीने जे पाहिलं ते पोटात ठेवायचं, हे रहमाला मी शिकवायचं? अँटवर्पला मयत धुणाऱ्या बायका आहेत, त्यांना फोन केला, त्या "बघू" म्हणाल्या. त्यांच्या 'बघू'चा अर्थ तुला मला चांगला कळतो. शेवटी पुढे आली कोण, तर माझी सून लीस्बेत, जिला अजून फातिहा धड म्हणता येत नाही. "आई, पाणीच ओतायचं ना? मी येते." दवाखान्याने त्यांची मागची खोली द्यायचं कबूल केलं आहे.

निवडणूक आली, तसं टीव्हीवर पुन्हा सगळं उकरणं सुरू झालं आहे. तू बघत नाहीस ते बरं करतेस. परवा चार शहाणे बसले होते. एक म्हणाला, आईला माहीत असणारच. दुसरी म्हणाली, या समाजाने उत्तर दिलं पाहिजे. आपण 'समाज' आहोत हे मला टीव्हीवरूनच कळलं, मी तर समजत होते आपण नुसत्या भांडकुदळ शेजारणी आहोत. मला तो शनिवार आठवला. फदमाच्या मुलाने बाजारात माणसांवर गाडी घातली त्या दुपारी आपण दवाखान्याच्या फाटकाशी उभ्या होतो. तुझा हिजाब बघून तो पत्रकार पोरगा पुढे आला आणि म्हणाला, "तुम्ही या कृत्याचा निषेध करता का?" तू म्हणालीस, "माझी मुलगी कुठे आहे ते आधी सांग रे बाबा, मग तू म्हणशील ते म्हणते." त्याने कॅमेरा खाली केला. ते त्यांनी कधी दाखवलं नाही.

फदमाला माहीत होतं का? मिमूंत, मला ठाऊक नाही. मी तिला विचारलं नाही. एकदा तीच म्हणाली, "त्याची दारू सुटली, पहाटे उठून नमाज पढायला लागला, तेव्हा मला वाटलं पोरगं मार्गाला लागलं." त्या आनंदात तिने अख्ख्या गल्लीत शेबाकिया वाटली होती, मधात बुडवून, वर तीळ पेरून. आपण दोघींनीही खाल्ली. तू म्हणालीस, "चला, एका आईची तरी दुवा लागली." हे तुला दुखवायला लिहीत नाही. त्या दिवशी आपल्यापैकी कुणालाच काही दिसलं नाही, एवढंच.

तुझ्या इक्रामला मी धुतलं. तुला आत येऊ दिलं नाही, तू बाहेर भिंतीला टेकून बसली होतीस. आत मी काय पाहिलं ते तू विचारलं नाहीस आणि मी कधी सांगणार नाही. एवढंच सांगते, पाणी कोमट होतं. केस मी हळूहळू सोडवले, एकही ओढला जाऊ दिला नाही, आणि तीन वेण्या घालून मागे सोडल्या. त्यानंतर मी किती जणींना धुतलं, पण कुणाचेही केस हातात घेतले की मला तीच आठवते. माझीही लेक होती ती.

आता खरं कारण लिहिते. मागच्या आठवड्यात फदमाने मला विचारलं, "मी गेले की तू मला धुशील?" मी म्हटलं, "गप बस, तुझ्याआधी माझाच नंबर लागेल." ती म्हणाली, "थट्टा नको. मिमूंतच्या लेकीला ज्या हातांनी धुतलंस, त्याच हातांनी मला धुवायचं तर आधी तिला विचार. ती नको म्हणाली तर मला हात लावू नकोस. मला तशीच पाठव." मी चिडले. म्हटलं, "असं सांगायचा तुला हक्कच नाही. ही आंघोळ मेलेल्याच्या मर्जीवर नसते, ती मागे राहिलेल्यांवर फर्ज आहे." पण मी हो म्हणेपर्यंत तिने माझं मनगट सोडलं नाही, आणि मी हो म्हटलं. म्हणून विचारते आहे, मिमूंत. तू हो म्हणावंस असं मला फार वाटतं, ते मी लपवणार नाही. पण तुझ्याकडून हो वदवून घेण्यासाठी याहून एक शब्दही जास्त लिहिणार नाही. लीस्बेत हे पत्र देऊन दारातच थांबेल. तिला नुसतं हो किंवा नाही सांग, कारण सांगू नकोस. तू नाही म्हणालीस तर मी शब्द पाळीन. ती तशीच जाईल आणि त्याचं पाप माझ्या माथी, तुझ्या नाही. आणि शुक्रवारी मी नेहमीसारखी तुझ्याकडे येईन.

काहीही म्हणालीस तरी तुझीच,
यामिना