एक शून्य जास्त

सोम., ३ नोव्हें.
आमचे लीड निखिल सर. सलाइन-पंपाचा कोड ‘फास्ट’ केला म्हणून आज मीटिंगमध्ये टाळ्या घेतल्या. केलं काय? अलार्म गप्प ठेवायची वेळ मी २ × ६० × १००० अशी लिहिली होती. दोन मिनिटं, मिलिसेकंदांत. वाचणाऱ्याला कळावं म्हणून. त्यांनी असे सगळे गुणाकार खोडून नुसते आकडे टाकले. अरे, हे गुणाकार कंपायलर प्रोग्राम बांधतानाच करून टाकतो! पंपात जातं ते तयार उत्तर. डोंबलाचा वेग!

मंगळ., ४
छोटं उदाहरण दोन्ही रीतींनी बांधून सरांना दाखवलं. मशीनकोड हुबेहूब एक.
“क्लायंटला ‘फास्ट’ची स्लाइड गेली गं. आता काय?” वर हसले.
शी.

सोम., १०
हॉस्पिटलात पंपाची चाचणी चालू होती. एका आजोबांची बाटली संपत आली, अलार्म झाला. सिस्टरने बटण दाबून गप्प केला, दुसऱ्या पेशंटकडे धावली. दोन मिनिटांनी परत वाजायला हवा. वाजलाच नाही. नळीत रक्त चढलेलं त्यांच्या मुलीने पाहिलं, ओरडली. आजोबा वाचले.
कोड उघडला. सरांनी १२०००० च्या जागी १२००००० टाकलेले. वीस मिनिटं गप्प!
डबा तसाच परत.

मंगळ., ११
सर सगळ्यांसमोर: “टेस्टिंगने पकडायला हवं होतं.”
म्हणजे प्रणालीने. आमची टेस्टर, वरळी कोळीवाड्यातली. तिच्याकडे हा बदल पाठवलाच नव्हता. ‘आकडेच तर बदललेत, टेस्ट कशाला’ हे सरांचंच वाक्य.
जिन्यात भेटली. “रडत नाय ताई. शिव्या गिळतेय.”

गुरु., १३
मेल टाकला. बदल कुणी केला, कधी, टेस्टिंगला का दिला नाही. क्लायंटलाही.
घरी आई: “जेवतस काय नुसता चिवडतस?” सगळं सांगितलं. नोकरीचं काही बोलली नाही. एवढंच, “तो म्हातारो बरो आसा मां?”
ऑफिसात हे एकानेही विचारलं नव्हतं.

शुक्र., १४
सरांनी केबिनमध्ये बोलावलं. “मेल मागे घे. तुझ्या प्रमोशनचं मी बघतो.” आवाजात मध. किळस आली.
“आधी प्रणालीची माफी मागा, सर. सगळ्यांसमोर.”
“जा तू.”
क्लायंटने सोमवारी बोलावलंय. यादीत सर आणि मी. प्रणाली नाही. आत्ता तिचा फोन: “ताई, मी येऊ?”
ये म्हटलं. दारातून आत घेतील की नाही, सोमवारी कळेल.