त्या दिवसाचा गिलावा

फ्लोरेन्स, १९ सप्टेंबर १४६२

प्रिय दियानोरा,

तुझ्या भावाच्या हाती हे पत्र देतोय. नोफ्री लोकर घ्यायला इकडे आलाय, उद्या प्रातोला परत निघेल. तू आणि तुझी आई बऱ्या असाल असं धरून चालतो. मी बरा आहे. पत्र नोफ्रीला वाचायला देऊ नकोस. म्हणून तर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहितोय. वेळ लागला तरी चालेल, पण तूच वाच.

अंगणातल्या अंजिराला यंदा खूप फळ आलं. शेजारची मोन्ना चेका येऊन टोपली भरून नेते आणि जाता जाता मला बोलून घेते. परवा म्हणाली, "ब्याजो, दोन महिने झाले, तुझ्या घरात चूल पेटलेली दिसत नाही. भिंती चाटून जगतोस काय रे?" मी हसलो. हसता येतं. खाता येतं, झोपही लागते. बाकी आत काही हलत नाही.

मेसेर गेरार्दोंच्या चॅपलची भिंत रंगवून पूर्ण झाली. सर्व संतांच्या सणाला ते ती सगळ्यांसाठी उघडणार आहेत. त्यांचं खूळ तुला ठाऊकच आहे, सगळं जुन्या रोमन लोकांसारखं हवं. मध्यंतरी जेवायलाही आडवे होऊन बसायला लागले होते, बायकोनं रस्सा सांडल्यावर ओरडून उठवलं म्हणे. संताच्या प्रेताभोवती रडणाऱ्या बायका मी आधी आपल्या गल्लीतल्यासारख्या काढल्या होत्या, डोक्यावरचं कापड तोंडाशी धरलेल्या. ते बघून म्हणाले, "अरे, या तर बाजारातून दमून आल्यासारख्या दिसतात! चल, दुःख कसं असतं ते तुला दाखवतो."

आणि मला त्यांच्या घोड्यांच्या पागेत घेऊन गेले. घोडे ज्या दगडी हौदातून पाणी पितात, ती रोमन लोकांची शवपेटी आहे. लहानशी. तिच्या बाजूला एक बाई कोरलीये. केस सुटलेले, दोन्ही हात मागे फेकलेले, तोंड उघडं. नाक तुटलंय. मेसेरांनी शेवाळ पुसून खालची अक्षरं वाचली. कुणाची तरी मुलगी, चार वर्षं, दोन महिने, अकरा दिवस जगली. आम्ही पागेत गेलो तो जून महिना होता. आपली तेस्सा तेव्हा धडधाकट होती, गल्लीत कुत्र्यामागे पळत होती. मला त्या अक्षरांचं काही वाटलं नाही. खांद्यातून हात कसे मागे गेलेत, तेवढंच मी बघितलं आणि कागदावर उतरवून घेतलं.

ती बाई भिंतीवर काढायचा दिवस आला तो तेवीस जुलै.

आता नोफ्री खाली वाट बघतोय, त्याला भूक लागलीये. त्याला थांब म्हटलंय.

आमच्या कामाची रीत तुला माहीत आहे. दिवसभरात रंगवून होईल तेवढाच गिलावा सकाळी लावायचा, कारण ओला असतो तोवरच तो रंग धरतो. त्या संध्याकाळी दारात उभा राहून मी तुला हेच सांगितलं. "गिलावा ओला होता, सोडून कसा येणार?" चेका तेस्साचे केस शेवटचे विंचरत होती. तू फक्त माझ्या हातांकडे बघितलंस. हातांना रंग होता.

दियानोरा, गिलावा ओला होता हे खरं. सोडता आला नसता हे खोटं.

चेका दुपारच्या घंटेआधीच चॅपलमध्ये आली होती. खालून ओरडली, "ब्याजो, उतर आधी! पोर तुझं नाव घेतेय." आमचा ज्युस्तो, तीस वर्षं गिलावा लावतोय, त्यानं थापी हातात घेतलीसुद्धा. म्हणाला, "जा रे बाबा तू. मी हे खरवडून टाकतो. उद्या नवा लावू. चुन्याला काय तोटा आहे?" आम्ही हे नेहमी करतो. हात बिघडला की खरवडतो, पाहुणे आले की खरवडतो. याच भिंतीवर सहा वेळा खरवडलाय. एकदा तर मला झोप आली म्हणून.

मी चेकाला म्हणालो, "आलोच म्हणून सांग."

आणि पुन्हा भिंतीकडे वळलो. त्या बाईचं तोंड जमत आलं होतं. वीस वर्षांत माझा हात असा कधी चालला नव्हता. इथे मला लिहावंसं वाटतं की पोर इतकी आजारी आहे हे मला कळलंच नाही. पण चेकाचा चेहरा मी बघितला होता. मला कळलं होतं.

गेल्या रविवारी मेसेर आपल्या मित्रांना भिंत दाखवायला घेऊन आले. पाडुआहून आलेले एक म्हातारे पंडित त्या बाईपुढे कितीतरी वेळ उभे राहिले. डोळे पुसत म्हणाले, "हा माणूस रडलेला आहे." मेसेरांनी मला मिठी मारली. ज्युस्तो तोंड फिरवून बादली धुवायला लागला. मी रडलेलो नाही, दियानोरा. तेस्साला पुरलं तेव्हा नाही, तू माहेरी गेलीस तेव्हा नाही, आजही नाही. ती बाई हौदावरची आहे. हात तिचे, केस तिचे, तोंडही तिचंच. माझं त्यात काही नाही.

आज सकाळी छिन्नी घेऊन चढलो आणि तो तुकडा काढून टाकला. दोन महिन्यांत चुना दगड होतो, दुपार झाली. त्या दिवशी थापीच्या चार हातांत निघाला असता. ज्युस्तो म्हणाला, "मेसेर तुला हाकलतील. या गावात पुन्हा भिंत मिळणार नाही." मी म्हटलं, हाकलू देत. मग त्यानं गप शिडी धरली. आता मधोमध नुसती भिंत दिसते. मेसेर अजून आलेले नाहीत.

तू परत यावीस म्हणून हे लिहिलेलं नाही. यायचं की नाही ते तू ठरव, पण खरं काय ते कळल्यावर ठरव.

एक मात्र विचारायचंय. तेस्साच्या दगडावर अक्षरं कोरायची आहेत, ती मीच कोरणार. त्या रोमन बापाला दिवससुद्धा माहीत होते. मी काल मोजायला बसलो. पाच वर्षं, तीन महिने, इथवर आलो. ती जन्मली तेव्हा मी सिएनाला एका भिंतीवर होतो, त्यामुळे वरचे दिवस मला मोजता येत नाहीत. तुला येत असतील. बाकी काही लिहू नकोस, नोफ्रीजवळ तेवढा आकडा सांगून पाठव.

'आलोच' सांगून न आलेला,
ब्याजो