तळाशी बसलेली बाई

१९ ऑगस्ट २०१८, रविवार, तलासरी

शेळीला काहीही झालेलं नव्हतं! ओला चारा हादडला, पोट फुगलं, एवढंच. त्यासाठी मी सुट्टीच्या दिवशी, धो धो पावसात, तलासरीहून वरोरपर्यंत मोटरसायकल हाणली. ऑफिसातली निलम मागेच लागली होती — "सर, आजेसासूची शेळी आहे, तिचा जीव आहे हो तिच्यावर." ढोरांचा डॉक्टर म्हटलं की माणसाला रविवार नसतो असं लोकांना वाटतं. गोडेतेल पाजलं, पोट चोळलं. शेळी उठली आणि माझाच शर्ट चावायला लागली.

पण गेलो नसतो तर —

हात धुवायला आत गेलो. भिंतीतलं कपाट, धुरकट काच. पुढे औषधाच्या बाटल्या, अंगाऱ्याची डबी. आणि मागे, धुळीत — कॉफीचा सेट! राखाडी-काळा, धुरासारखा. किटलीच्या अंगावर ड्रॅगन, नुसता रंगवलेला नव्हे, उठावाचा, खवले बोटाला लागतील असा. सहा कप, सहा बशा, साखरदाणी, दूधदाणी. एक टवका उडालेला नाही. मी ओले हात तसेच पुढे धरून उभा. निलमचा नवरा टॉवेल घेऊन उभा, त्याला वाटलं डॉक्टरांना चक्कर आली.

एवढी वर्षं जुने कप-सेट जमवतोय. नरपडच्या वाड्यांतले जुने बंगले, बोर्डीचे इराणी, भंगारवाल्यांची पोती — कुठे कुठे हात घातलाय. पन्नास-साठ सालातले सेट माझ्याकडे कपाटभर आहेत. असा नाही. असा बघितलाच नाही!

आजी दारातच बसलेली. घरात सगळ्यांत थोरली, आणि नाव धाकली. विचारलं, विकणार का? म्हणाली, "ते नाय विकायचं."

२० ऑगस्ट

दिवसभर ड्रॅगन डोळ्यांपुढे. एका म्हशीला बिल्ला मारला तो नको त्या कानात. मालक ओरडला. बरोबरच होतं त्याचं.

२ सप्टेंबर, रविवार

पुन्हा वरोर. शेळी बघायला, असं सांगितलं. शेळी ठणठणीत. आजी हसली. "शेळीसाठी नाय आलास तू." डोळ्यांत मोतीबिंदू दाटलाय, पण माणूस बरोबर ओळखते!

मग तिनेच सांगायला घेतलं. तिचा नवरा जहाजावर खलाशी. लग्नानंतरची पहिली लांबची सफर जपानची. कोबे बंदरातून हा सेट आणला, पेंढ्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन आला म्हणे बसमधून. घरी आल्यावर हिला म्हणाला, चहा पी यातून आणि संपला की बघ.

"मी आधी घासायला घेतले," आजी म्हणाली. "तर आत तळाला बोट लागतं, खडबडीत. सहाही कप तसेच. माल कच्चा, डॉक्टर! दुकानदाराने फसवला आमच्या भोळ्या माणसाला. एवढ्या हौसेने आणलेलं, त्याला सांगून तोंड कशाला पाडू त्याचं? ठेवून दिले कपाटात. घरी आला की विचारायचा, प्यायलीस? बघितलीस? मी सांगायचे — प्यायले, बघितले, छान आहेत."

नवरा पंचेचाळिशीतच गेला. सेट तसाच.

निघालो तर मागून हाक. "घेऊन जा. तुला जुन्याची हौस आहे. पैसे नको. खराब मालाचे पैसे घ्यायचे का?"

मी काय बोललो आठवत नाही. डहाणूपर्यंत पाय जमिनीवर नव्हते — मोटरसायकलवर नसतातच म्हणा!

३ सप्टेंबर

हे कसं लिहू?

सकाळी कप धुवायला घेतले. तळाला खरोखरच खडबडीत. आजीचं बरोबर, असं मनात आलं. पुसून, पाणी राहिलं का बघायला एक कप खिडकीशी धरला —

आत बाई!

तळाशी, जिथे बाहेरून काळा रंग नाही त्या पांढऱ्या मातीतच, एका बाईचा चेहरा. केस उंच बांधलेले, त्यात फुलं, डोळे जरा खाली. रंग नाही, रेघ नाही. नुसता उजेड कुठे जास्त, कुठे कमी, आणि त्यातून गाल, नाक, ओठ. कप खाली घेतला — गायब. पांढरा तळ. पुन्हा वर धरला — हजर! मी दहादा तरी खाली-वर केलं असेल. खडबडीत जे लागतं ते तिचं नाक आहे. तिचे केस आहेत!

वासंतीला हाक मारली. ती कणकेचा हात घेऊन आली चिडतच — "ढोरांत फिरून येणारा माणूस, कपांना मात्र दोनदा साबण लावतो!" कप तिच्या डोळ्यांपुढे धरला. "अगं बाई!" एवढंच म्हणाली. कणकेचा हात हवेत तसाच. सहाही कप बघितले. सहाही कपांत बाई. आम्ही दोघं खिडकीत उभे, लहान पोरांसारखे, माझा कप बघ, माझा कप बघ.

हे असं माणसाने केलं. हाताने. आणि साठ वर्षं कुणी बघितलं नाही.

मग वासंती म्हणाली, "संपला की बघ, म्हणजे हे. आजीला कधी सांगताय?"

९ सप्टेंबर

आज जाणार होतो. नाही गेलो. सांगितलं तर ती परत मागेल. मागितलाच पाहिजे, तिचा आहे. म्हणून नाही गेलो. लिहून टाकलं, झालं!

१७ सप्टेंबर

निलम ऑफिसात — "सर, आजी विचारते, ते खराब कप फेकून नाही ना दिलेत?" मी म्हटलं, नाही नाही, वापरात आहेत.

११ नोव्हेंबर, रविवार

दुपारी वाचत बसलो होतो. कपाटातले कप वाजायला लागले. किणकिण किणकिण, सगळे एकदम, कुणी हात न लावता. मांजर असेल म्हणून उठलो तर पायाखालची फरशी हलली. शेजारची रखमी अंगणातून ओरडली, "भायेर या! भायेर या!" सगळी गल्ली बाहेर. भूकंप! तलासरीत! आधी कप वाजले आणि मग मला कळलं. अंगावर काटा आला.

२ डिसेंबर

पुन्हा. आता लोक दिवसाही घरात थांबत नाहीत. अंगणात चुली, अंगणात बाजा. थंडी मरणाची. गिरणीतून पोतंभर तूस आणलं आणि सगळे सेट त्यात पुरले, जपानचा सगळ्यात मधे. वासंती बघत होती. "माझे दागिने अजून कपाटातच आहेत," म्हणाली. माझी मान वर होईना.

एक हादरा बसला आणि फुटले, तर ती बाई कुणाची झाली? माझी? मी कोण तिचा? तिला जिच्यासाठी आणलं तिने एकदाही बघितलेली नाही.

१६ डिसेंबर, रविवार

वरोरला गेलो. तुसाचं खोकं मांडीवर घेऊन, रिक्षाने. मोटरसायकलवर धीर झाला नाही.

आजी ओट्यावर उन्हात होती. समोर सुकत घातलेले बोंबील, कावळे हाकायला हातात काठी. सरळ सांगितलं. म्हटलं, आजी, माल खराब नाही. तुमच्या माणसाला कुणी फसवलं नव्हतं. कपाच्या तळाशी बाईचा चेहरा आहे, उजेडात दिसतो. मला सप्टेंबरातच दिसला, मी बोललो नाही.

कप तिच्या हातात दिला, उन्हाकडे धरायला लावला. "मला नुसता उजेड दिसतो रे," म्हणाली. मग मी तिचं बोट धरून तळाशी नेलं. हे केस, आजी. हे फूल. हे नाक.

तिचं बोट तिथेच फिरत राहिलं. फार हळू. कोळंबी सोलून सोलून झिजलेलं बोट, आणि बाईच्या कपाळावरून असं फिरवत होती की मला नजर दुसरीकडे न्यावी लागली.

"संपला की बघ म्हणायचा," ती म्हणाली. "मला वाटलं, कपच बघ म्हणतो. बघितलीस का विचारायचा... बघितलीस! आणि मी आपली — छान आहेत, छान आहेत! मेल्याला काय वाटलं असेल? एवढं आणलं लांबून आणि ही बया एक शब्द नाय बोलत!"

हसायला लागली. बोळक्या तोंडाचं हसू, अंग हलवून. आणि हसता हसताच रडायला लागली. निलम धावत आली, तिला काही कळेना. काठी पडली होती, कावळे बोंबलांवर तुटून पडले, कुणी उठलं नाही.

निघताना खोकं तिथेच ठेवलं. तिने पुढे ढकललं. "दिलेलं परत नाय घेत मी. एक कप राहू दे मला. पाच तू ने."

मी नको नको म्हणत होतो. खरं सांगतो, मनापासून म्हणत होतो!

"ने. पण कपाटात नाय ठेवायचे. भुशात पण नाय. चहा प्यायचा त्यातून. मी ठेवून ठेवून काय मिळवलं?"

"आजी, आमच्याकडे भूकंप होतायत. फुटतील."

"फुटू देत. शपथ घे."

घेतली.

२३ जानेवारी २०१९

निलम सांगत होती. आजीचं डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढली तर सगळे समोर उभे, नातू, पणतू. आजी म्हणाली, "तुम्ही थांबा. आधी चहा." जपानी कपात दिला. घाईने नाही प्यायली, फुंकून फुंकून, बशीत न ओतता. मग खिडकीकडे धरला. तिथेच धरून ठेवला. मग म्हणाली, "बघितली रे." कुणाला म्हणाली ते घरात सगळ्यांना समजलं, निलम म्हणते.

आज मलाही काम सुचलं नाही.

१० फेब्रुवारी, रविवार

मागच्या आठवड्यात मोठा हादरा बसला. भिंतीला चीर. आता सगळी गल्ली अंगणातच राहते. शपथ पाळतोय! सकाळी वासंती मोठं पातेलं ठेवते आणि पाच कप हातोहात फिरतात. आज रखमी आणि तिच्या दोन्ही सुना, कोपऱ्यावरचा पंक्चरवाला, दुधाचा माणूस. कप रिकामा झाला की सगळे सूर्याकडे वर करतात. रखमीने पहिल्यांदा बघितलं तेव्हा कप छातीशी धरला आणि म्हणाली, "ही घाबरत नाय का, आत एकटी?" मग रोज तिलाच पहिला कप.

उन्हात वर धरलेले पाच कप, खाली पाच तोंडं उघडी. भीतीने बाहेर आलेली माणसं, आणि काय बघत बसलीयत! मी इतके सेट जमवले, असं कधी बघितलं नव्हतं. माझ्याच कपाटाची मला लाज वाटली.

वासंती म्हणाली, "आता वापरता येतात वाटतं तुम्हाला कप!" टोमणा होता. गोड लागला.

१ मार्च, शुक्रवार

मोठा हादरा. माणसं सगळी सुखरूप. कप धुऊन ओट्यावर पालथे घातले होते. पाचही फुटले. तुसात असते तर वाचले असते. मी गप्प बसलो असतो तर सहाही तुसातच असते, आणि आजीला बाई कधी दिसलीच नसती.

वरोरला फोन केला. आजीने आधी विचारलं, "वासंती बरी? तू बरा?" मग मी सांगितलं.

"थांब जरा," म्हणाली. "चहा संपत आलाय माझा. तुमच्या वाटणीचं पण मी बघते."