उंबऱ्यावरचं सूर्यछाप लिंबू

मुक्काम राई, भाईंदर
ललिता पंचमी, १९६७

तीर्थस्वरूप बाबूकाकांच्या पायांवर सदूचं डोकं (अजून धडावर आहे, काळजी नसावी). आपला गुडघा, काकूंचा दमा आणि म्हशीची कास या तिन्हींना आराम पडला असेल अशी आशा करतो. इकडे मी आणि मंदा सुखरूप आहोत. आपलं कार्ड पोचलं. पोचण्याआधीच त्यातला मजकूर मला कळला होता, कारण कार्ड उघडं आणि इथला पोस्टमन वाचनाचा शौकीन. त्यामुळे सदूने परमुलखात करणी केल्याचं ऐकतो, त्याने देवीपुढे नारळ फोडून गावाची माफी मागावी आणि दसऱ्याच्या आत चंबूगबाळं आवरून घरी यावं, ही आपली आज्ञा माझ्याआधी निम्म्या राईने वाचली. उरलेल्या निम्म्यांना वाचता येत नाही, त्यांना ती वाचून दाखवण्यात आली.

काका, लहान तोंडी मोठा घास घेतो. मी माफी मागणार नाही आणि हे दुकान सोडून कुठेही जाणार नाही. आपल्याला ज्याने बातमी दिली (कोण ते मला ठाऊक आहे, त्याला आंब्याच्या दिवसांत बघून घेईन) त्याने मीठमसाला भरपूर घातलेला दिसतो. तेव्हा झालं काय ते माझ्या तोंडून ऐका.

गोटी सोड्याचं दुकान घटस्थापनेला उघडायचं हे आपल्याला पसंत होतं. मुहूर्तही आपणच कळवलात, हे विसरू नये. गिरगावच्या सोडावॉटर कारखान्यात बाटल्या धुता धुता मी एवढं शिकलो की माल कितीही चांगला असला तरी लोकांच्या कानावर गेल्याशिवाय खपत नाही. कानावर घालायचं कसं? भिंत रंगवावी तर भिंतीचा मालक रंग ठेवून घेतो आणि मजकूर पुसून टाकतो. पत्रकं छापावीत तर भाईंदरच्या बाजारात ती वाचण्याआधी त्यांत चणे बांधले जातात. म्हणून मी एक युक्ती काढली. दादरहून पोतंभर लिंबं आणली, प्रत्येकावर आमच्या सूर्यछाप सोड्याचा शिक्का तांबड्या शाईने मारला, त्यावर टाचणीने एक इवलंसं कागदी निशाण टोचलं (त्यावर मंदाच्या वळणदार अक्षरात ‘हे लिंबू आणा, पहिली बाटली फुकट प्या’), आणि उद्घाटनाच्या आदल्या दिवशी पहाटे गावातल्या प्रत्येक उंबऱ्यावर एकेक ठेवून आलो. अशी जाहिरात मुंबईच्या मोठमोठ्या कंपन्यांना सुचलेली नाही.

आता यात माझं काय चुकलं ते आपणच सांगा. गोल फळावर शिक्का नीट उमटत नाही, तो पसरून कुंकू फासल्यासारखा दिसला, ही शाईची चूक. खाडीवरून वारा सुटला, निशाणं उडून गेली आणि टाचण्या तेवढ्या टोचलेल्या राहिल्या, ही वाऱ्याची चूक. आणि घटस्थापनेच्या आदल्या दिवशी सर्वपित्री अमावास्या असते, तर ते पंचांग काही मी लिहिलेलं नाही.

सकाळी पहिलं दार उघडलं आणि एका घरातून दुसऱ्या घरात ओरड पोचत गेली. तांबडं माखलेलं, टाचणी टोचलेलं लिंबू, तेही अमावास्येला आणि तेही प्रत्येकाच्या दारात. ते ओलांडायचं कुणी? मिठागरावर जाणारे घरात बसले, मास्तरांनी (त्यांच्याही दारात होतंच) निरोप पाठवून शाळा बंद ठेवली. ज्यांना मागचं दार होतं ते मागून निघाले, ज्यांना नव्हतं ते खिडकीतून. माझ्या दुकानाच्या गाळ्याचे मालक धाकू पाटील, ज्यांच्या शब्दाबाहेर गावात कुणी जात नाही, ते अंगाने भरदार असल्यामुळे खिडकीत अडकले आणि त्यांना बाहेर ओढून काढावं लागलं. एकटी सरूबाई कोळीण डोक्यावर टोपली घेऊन, लिंबू ओलांडून बाजाराला निघून गेली. पण ती कधीच कुणाचं ऐकत नाही, म्हणून तिचं उदाहरण गावाने धरलं नाही. दुपारपर्यंत भाईंदरच्या बाजारात या बातमीतल्या लिंबांचे नारळ आणि नारळांची कोंबड्यांची मुंडकी झाली होती. भगताला बोलावणं गेलं ते गेलंच, शिवाय एकजण सायकलवरून उत्तनला जाऊन तिथल्या फादरकडून मंतरलेल्या पाण्याची बाटली घेऊन आला. असावं आपलं, म्हणून.

मला वाटलं, जाहिरात लागू पडली. एवढा गाव जमलेला पाहून माझा ऊर भरून आला, आणि मी गर्दीत घुसून छाती पुढे काढून सांगितलं की ही लिंबं माझीच आहेत. काका, माझं वाक्य पुरं व्हायच्या आत एकजण चौकीकडे धावत सुटला.

मग हवालदार आले. त्यांनी लांब बांबूने एकेक लिंबू ढकलत पाण्याच्या बादलीत पाडलं आणि पंचनामा केला. लिंबू हा शब्द कागदावर लिहायला कुणी धजेना, म्हणून ‘पिवळी, गोल, संशयास्पद वस्तू’ असं लिहिलं. बादली चौकीत जमा आहे आणि तेव्हापासून हवालदार बाहेर ओटीवर बसून कामकाज बघतात. मी सर्वांसमोर पोत्यातलं एक लिंबू कापलं, बाटलीची गोटी दाबली, ग्लासात सोडा ओतला आणि घटाघटा प्यालो. सगळे मी मरण्याची वाट बघत उभे राहिले. मी फक्त ढेकर दिली. ती ऐकून पुढच्या रांगेतले मागे सरकले.

धाकू पाटलांनी मला दोन वाटा दाखवल्या. देवीपुढे नारळ फोडून चुकलो म्हणायचं, म्हणजे विषय मिटला. मी म्हटलं, चुकलोच नाही तर म्हणू कसा? त्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं,

“मंग दसऱ्यापरयंत गावातला येक तरी मानूस तुजा सोडा प्याला पायजे. न्हायतर गाला खाली कर.”

तेव्हापासून दुकान रोज उघडतोय आणि रोज मी आणि मंदाच सोडा पितोय (पोटात जागा उरलेली नाही). बायका माझ्या दारावरून जायचं टाळून चिखलातून वळसा घालतात. परवा एका लहान पोरीने मला पाहून आईच्या पदरात तोंड लपवलं, तेव्हा मात्र मला फार वाईट वाटलं. पण काका, राग त्याहून मोठा आहे. याच गावात दर शनिवारी प्रत्येक दुकानाच्या चौकटीला लिंबू-मिरची टांगतात. लिंबू वर टांगलं की राखण करतं आणि तेच खाली ठेवलं की घात करतं, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय? वर आणि खाली यात फक्त एका दाराचं अंतर आहे. अशा खुळचटपणापुढे आपल्या घराण्यातला माणूस नारळ फोडणार नाही. लिंबू म्हणजे लिंबू. ते सरबतात पडतं, लोणच्यात मुरतं, याहून त्याच्या अंगात काही शक्ती नाही. मी डरत नाही, वाकत नाही आणि दसऱ्याला घरी येत नाही. काकूंना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, म्हशीला जपावं.

आपला आज्ञाधारक (ही एक आज्ञा सोडून),
सदू

ता. क. पत्र काल लिहून ठेवलं होतं. आज सकाळी दुकानाचं दार उघडलं तर उंबऱ्यावर एक लिंबू. सुरकुतलेलं, तांबडं, टाचणीसकट. लिंबू माझंच, शाई माझीच, टाचणीही मंदाच्या डबीतली, हे मला दिसतंय. पण दुसऱ्याच्या दारात ठेवलेलं आपल्या दारात परत आलं तर उलटतं असं म्हणतात. म्हणतात, मी म्हणत नाही. मी आत आहे एवढंच. या गाळ्याला एकच दार आहे आणि खिडकीला गज. मंदा म्हणते, तुमचा विश्वास नाही ना, मग ओलांडा. मी म्हटलं, घाई काय आहे. तरी काका, सहज गुरवाकडे जाणं झालं तर ग्रामदेवतेला कौल लावून एक गाऱ्हाणं घालावं. माझं नाव सांगू नये. सांगायचंच झालं तर आपल्या बातमीदाराचं सांगावं.

आणखी ता. क. आत्ता सरूबाई बाजारातून परतली आणि दारात टोपली उतरवून तिने ते लिंबू उचललं. त्या दिवशी हवालदार आले तेव्हा ती बाजारात होती, आणि तिचं लिंबू तिने ओलांडून झाल्यावर उचलून कनवटीला लावलं होतं. निशाण मात्र शेजारच्या कुंपणात सापडलं, ते नातवाने वाचून दाखवलं. आज पहाटे ती सोडा प्यायला आली, तर दुकान बंद. म्हणून ते ठेवून पुढे गेली.

“फुकट हाय म्हनलास ना? मंग दे. उन्हानं घसा सुकलाय.”

मी आतूनच हात लांब करून बाटली दिली. ती प्याली, मोठ्याने ढेकर दिली आणि जाताना धाकू पाटलांच्या दारात उभी राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं सांगून आली. आता दुकानापुढे माणसं जमलीत आणि त्यांत पाटील स्वतः आहेत. गाळा वाचला. आता दसऱ्याला आपणच इकडे या, पहिली बाटली फुकट.

सोडा सगळ्यांना आतूनच देतोय. बर्फ आणायला बाहेर जायला हवं होतं, पण मंदाला पाठवलं. लिंबू गेलं खरं, उंबऱ्यावर शाईचा तांबडा डाग राहिलाय. दुकान सोडून मी कुठेही जाणार नाही असं वर लिहिलंय, ते सकाळपासून अक्षरशः पाळतोय. गाऱ्हाणं तेवढं लवकर घालावं.